नानचाकूत चाकू कुठून आला?

अर्धा चहा :
भाच्याला कराटेच्या क्लासला सोडायला जातो. परवा तिथल्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, ‘शनिवारी नानचाकू आणणे’. परतताना गाडीवर मागून प्रश्न आला, ‘मामा, नानचाकूत चाकू कुठेय?’ सिग्नल सुटला म्हणून मी सुटलो.

पण खरंच, कुठेय? दोन दांडके, मध्ये साखळी. ना पातं ना धार. आमच्या लहानपणीही नानचाकूच म्हणायचे. ब्रूस लीच्या कृपेनं गल्लीतल्या प्रत्येक पोराकडे एक असायचा. माझा खराट्याच्या दांड्याचे दोन तुकडे आणि भंगारातली सायकलची चेन यांचा होता, चेनवरचं ग्रीस न पुसलेलं. पहिल्याच फेरीत तो उजव्या कोपराच्या टोकावर बसला. मुंग्या करंगळीपर्यंत गेल्या आणि शाळेच्या पांढऱ्या शर्टावर ग्रीसचा पट्टा उमटला. आईनं कोपर पाहिलंच नाही, शर्ट पाहिला.

तर या शब्दाचं मूळ काय? आणि दुसरं म्हणजे, क्लासचे सर मुलांना सांगतात की ही सगळी जपानच्या दक्षिण टोकाच्या ओकिनावा बेटावरच्या शेतकऱ्यांची अवजारं. राजानं आणि मग जपान्यांनी शस्त्रबंदी केली, तेव्हा गरिबांनी घरातल्या वस्तूंचीच हत्यारं केली. नानचाकू म्हणजे भात झोडायचं साधन, तोन्फा म्हणजे जात्याचा दांडा, साई म्हणजे बी टाकायला चर काढायचा गज. गोष्ट इतकी गोळीबंद आहे की मला संशय येतोय.

मोडीवाचक :
चाकूचा संबंध नाही. आपला चाकू फारसीतून आला, हा शब्द ओकिनावातून. अनोळखी शब्दाच्या शेपटीला ओळखीचा शब्द दिसला की जीभ तिकडे वळते. कॅप्टन स्टुअर्टला ‘इष्टुर फाकडा’ करून सोडणारे लोक आपण, आपल्याला नुन्चाकु काय जड!

मूळ उच्चार नु-न्-चा-कु. ‘नु’ आणि ‘कु’ दोन्ही ऱ्हस्व, आणि च चंद्रातला, चाकातला नव्हे. बहुतेक अभ्यासक हा शब्द दक्षिण चीनच्या फुजियान भागातल्या बोलीशी जोडतात. तिथे ‘नंग’ म्हणजे दोन, ‘चत्’ म्हणजे सांधा, ‘कुन’ म्हणजे काठी. नंग-चत्-कुन. उत्तरेकडच्या चिनीत याच वस्तूला शुआंग-ज्ये-गुन म्हणतात, अर्थ तोच, दोन सांध्यांची काठी. यातल्या सांध्यासाठी जे चिनी अक्षर आहे त्याचा मूळ अर्थ बांबूचं पेर. म्हणजे मराठीत नुन्चाकुचं सरळ भाषांतर होतं दोन पेरांची काठी. तिचीच तीन पेरांची बहीण जपानीत ‘सान्सेत्सुकोन’. सान म्हणजे तीन, सेत्सु म्हणजे पेर, कोन म्हणजे काठी.

फुजियानमधून ओकिनावात शब्द जाणं अजिबात नवलाचं नाही. ओकिनावा तेव्हा जपानचा जिल्हा नव्हता, रयुक्यू नावाचं वेगळं राज्य होतं आणि चीनशी त्याचा राजरोस व्यापार होता. परंपरेनुसार १३९२ मध्ये फुजियानमधली ‘छत्तीस घराणी’ नाहा बंदराजवळच्या कुमे वस्तीत येऊन राहिली. दुभाषे, खलाशी, जहाज बांधणारे, लेखनिक असे लोक. त्यांच्याबरोबर शब्द आले, आणि काठ्याही.

तव्यावरची पोळी :
साई म्हटल्यावर मला आधी शिर्डी आठवली आणि मग दुधावरची साय. हातात गज घेतलेले साईबाबा काही डोळ्यांसमोर येईनात.

मोडीवाचक :
तव्यावरची पोळी, दोन्ही नाहीत, पण तुमच्या अंबाड्याशी मात्र नातं आहे. साई ज्या अक्षरानं लिहितात ते चिनीत ‘छाय’, म्हणजे केसांत खोचायचा दोन टोकांचा आकडा. तो आकडा उलटा धरा, मध्ये लांब गज बसवा, साई तयार. रयुक्यूत पुरुषही डोक्यावर बुचडा बांधून त्यात आकडा खोचत, आणि सोनं, चांदी की पितळ यावरून माणसाचा दर्जा कळायचा. त्यामुळे हे नाव तिथे कुणालाही लगेच उमगलं असणार.

अर्धा चहा :
म्हणजे बी पेरायचं अवजार नाही?

मोडीवाचक :
मी एक साधी कसोटी लावतो, पटते का बघा. अवजाराचं हत्यार झालं तर अवजाराचं नाव सहसा हत्यारालाही राहतं. आपल्याकडे कोयत्यानं मारामारी झाली तरी बातमीत कोयताच येतो, त्याला कुणी नवं भारदस्त नाव ठेवत नाही. मग ओकिनावाची यादी घ्या. ‘कामा’ म्हणजे विळा. साध्या जपानीत गवत कापायच्या विळ्यालाही कामाच म्हणतात. ‘कुवा’ म्हणजे कुदळीसारखं खणायचं अवजार, शेतातही कुवा आणि आखाड्यातही कुवा. ‘एकु’ म्हणजे वल्हं. ही तिन्ही नावं घरचीच आहेत, तेव्हा या तिघांच्या बाबतीत सरांची गोष्ट मी डोळे झाकून मान्य करतो.

आता उरलेल्यांकडे बघा. नुन्चाकु, चिनी नाव. साई, चिनी अक्षर. ‘तिन्बे’ ही ढाल. तिचं नाव चिनी ‘तंग-पाय’शी, म्हणजे वेताच्या ढालीशी जोडतात. ओकिनावात ती समुद्री कासवाच्या पाठीचीही करत, पण नाव वेताचंच राहिलं. यांच्यापैकी एकही नाव शेतात ऐकू येत नाही. जी वस्तू नाव घेऊनच बाहेरून आली, तिला शेतकऱ्याच्या पडवीत जन्माला घालायचं कारण काय?

साईबद्दल आणखी एक. ती पूर्ण लोखंडाची. ज्या बेटावर लोखंड बाहेरून आणावं लागे, तिथे बी टाकायला चर काढण्यासाठी कोण गरीब माणूस तीन टोकांचा गज घडवून घेईल? त्या कामाला अणकुचीदार काठी पुरते. आणि साई कुणाच्या हातात होती हे ठाऊक आहे. रयुक्यूच्या पोलिसांच्या, ज्यांना ‘चिकुसाजी’ म्हणत. गर्दी मागे सारायची, तलवार गज आणि बाजूचं टोक यांच्यामध्ये अडकवायची, चोर धरायचा. जपानमध्ये पोलिसांकडे असाच एका आकड्याचा ‘जुत्ते’ असे. साईच्या बाजूच्या टोकांना जपानीत ‘योकु’ म्हणजे पंखच म्हणतात.

खळ्यावरची :
माझं माहेर कोकणातलं, भाताचं. आमच्याकडे भात झोडतात म्हणजे पेंढी दोन हातांत धरून दगडावर नाहीतर फळीवर आपटतात. त्यामुळे दांड्यानं मळणी हा प्रकार मला नवीनच. पण जपानी दांड्याचं चित्र पाहिलं. लांबलचक काठी, टोकाला फिरणारा आखूड दांडका. लांब का? तर उभ्यानं काम व्हावं म्हणून. नुन्चाकुचे दोन्ही दांडके एकेक फुटाचे आणि सारखे. त्यानं जमिनीवरचं भात झोडायचं तर दिवसभर उकिडवं बसावं लागेल. दुपारपर्यंत कंबर राहणार नाही. शेतकरी गरीब असतो, खुळा नसतो.

मोडीवाचक :
वा! हे मला पुस्तकं वाचून सुचलं नसतं. आणि त्या मळणीच्या दांड्याला जपानीत ‘कारासाओ’ म्हणतात. ‘साओ’ म्हणजे लांब काठी. लांबी नावातच आहे.

नुन्चाकुची आणखी एक जन्मकथा सांगतात, घोड्याच्या लगामाची. तोंडाच्या दोन्ही बाजूंना बसणारे वाकडे लाकडी तुकडे, मध्ये दोरी. ओकिनावात अर्धचंद्रासारखे वाकलेले जुने नुन्चाकु मिळतात, त्यांच्याकडे पाहिलं तर ही कथा आकाराला तरी धरून आहे. झोडणीच्या कथेपेक्षा बरी.

पाटा-वरवंटा :
जात्याचं मी बोलते. सासूबाईंचं जातं माळ्यावर आहे. हे वाचून खाली उतरवलं (मुलगा म्हणाला, वेड लागलंय) आणि खुंटा उपसला. वीतभर, वर हाताच्या घामानं गुळगुळीत झालेला, खाली निमुळता. मुठीत छान बसतो. पण तोन्फाला मूठ म्हणजे नुसता आडवा खुंटा, खरं काम करतो तो कोपरापर्यंत जाणारा दांडा. माझ्या जात्याला तो दांडाच नाही. मग हत्यार कशाचं करायचं? खुंट्यानं फार तर झुरळ मरेल.

मोडीवाचक :
खुंट्याबद्दल दंडवत! फक्त एक दुरुस्ती. तिकडच्या मोठ्या जात्यांना आडवा दांडा आणि त्याला उभी मूठ असायची, ओढून-ढकलून दळायला. त्यामुळे आकाराचं साम्य अगदीच ओढूनताणून आणलेलं नाही. पण जपानीत जातं म्हणजे ‘इशिउसु’, दगडी उसु. त्यात तोन्फाचा मागमूस नाही. उलट चीनमध्ये अशाच हत्याराला ‘ग्वाय’ म्हणतात, अर्थ कुबडी. थायलंडच्या जुन्या शस्त्रखेळातही हाताला बांधायचे असेच दांडे आहेत, त्यांच्या नावात कोपर आहे. एकाच आकाराकडे एक देश कुबडी म्हणून बघतो, दुसरा कोपर म्हणून, आणि जात्याची आठवण फक्त ओकिनावाच्या गोष्टीत येते.

कुबडीवरून आठवलं. सज्जनगडावर समर्थांची कुबडी दाखवतात, आत गुप्ती असलेली. टेकायच्या वस्तूत हत्यार दडवणं ही कल्पना आपल्याला परकी नाही.

दर्यावर्दी :
मोडीवाचक, तुमची कसोटी छान आहे, पण ती तुम्ही जरा जोरात हाकताय. वल्ह्याला एका ओळीत उडवलंत! एकुच्या एका प्रसिद्ध काताचं, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकेचं, नाव आहे ‘चिकिन आकाच्यु नो एकु-दि’. त्सुकेन नावाचं छोटं बेट आहे, स्थानिक उच्चार चिकिन. ‘आकाच्यु’ म्हणजे तांबडा माणूस. समुद्रावर उन्हानं भाजून तांबूस झालेला कोळी. म्हणजे ‘त्सुकेनच्या तांबड्याचं वल्हं’. या कातात वल्ह्याचं पातं वाळूत खुपसून समोरच्याच्या डोळ्यांत वाळू उडवायची चाल आहे. ती चाल दरबारात बसून कुणाला सुचेल? ती वाळूवर उभ्या असलेल्या माणसालाच सुचते. माझे काका मालवणात होडी काढायचे. ओल्या वाळूत वल्हं कसं रुततं आणि काढताना किती वाळू उडते ते मी पायांनी अनुभवलंय.

मोडीवाचक :
मान्य, आणि आनंदानं मान्य. नावं कशी वाचायची त्याचा तुम्ही उत्तम नमुना दिलात. आता हाच चष्मा बाकीच्या कातांवर लावा. ‘चातान यारा नो साई’, म्हणजे चातान गावच्या याराची साई. ‘साकुगावा नो कोन’, म्हणजे साकुगावाची काठी. ‘सोएइशी नो कोन’. यातली पुष्कळ नावं ‘पेचिन’ वर्गातल्या लोकांची आहेत, म्हणजे राज्याचे अधिकारी, जमीनजुमला आणि पगार असलेले. सोएइशी तर राजघराण्याला काठी शिकवणारं घराणं मानतात. तांबडा कोळी हा यात अपवाद आहे, आणि तो अपवाद होता म्हणूनच तर त्याला रंगावरून ओळखलं गेलं.

साध्या काठीबद्दल मी मुद्दाम बोललो नाही. ‘बो’ म्हणजे काठी, ‘कोन’ म्हणजेही काठी. नेहमीची सहा ‘शाकु’ लांबीची. एक शाकु साधारण ३०.३ सेंटिमीटर, म्हणजे सगळी मिळून १८२ सेंटिमीटरच्या आसपास. ती कावडीच्या दांड्यापासून आली असं सांगतात. असेलही. पण काठीला जन्मकथा हवीच कशाला?

अर्धा चहा :
पण शस्त्रबंदी तरी खरी ना? ती नसेल तर सरांच्या गोष्टीची दोरीच तुटते.

मोडीवाचक :
शब्दचर्चेत याहून चांगलं उदाहरण मला सापडणार नाही, कारण सगळा घोळ एका क्रियापदाचा आहे. राजा शो शिन याच्या काळात, १५०९ मध्ये, राजधानी शुरीच्या राजवाड्याच्या कठड्यावर त्याच्या कर्तबगारीचा लेख कोरला. त्यातल्या एका कलमात तलवारी आणि धनुष्यबाण यांच्याबद्दल एक क्रियापद आहे, अर्थ ‘साठवणे, रास करणे’. विसाव्या शतकात इहा फुयू (१८७६–१९४७) यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकांनी त्याचा अर्थ असा लावला की राजानं लोकांची शस्त्रं गोळा करून कोठारात टाकली, म्हणजे बंदी. पण कलम पुढे वाचलं तर लिहिलंय की ही शस्त्रं देशाच्या रक्षणाची साधनं आहेत आणि संपत्तीत व शस्त्रांत दुसरे देश आमच्या पासंगाला पुरत नाहीत. शस्त्रं सोडलेला राजा अशी फुशारकी कठड्यावर कोरेल का? गोळा करणे आणि जमवणे, मराठीतही हाच घोळ होऊ शकतो. ‘सरकारनं धान्य गोळा केलं’ या वाक्यात जप्ती आहे की साठा, ते पुढचं वाक्य आल्याशिवाय कळत नाही.

बरं, बंदी असती तर पुढे १६०९ मध्ये दक्षिण जपानमधल्या सात्सुमा जहागिरीचं सैन्य चालून आलं तेव्हा रयुक्यूचे लोक कशानं लढले? नाहा बंदरावर त्यांनी तोफा डागल्या होत्या. हरले, कारण सात्सुमाचे लोक जपानमधल्या शंभर वर्षांच्या लढायांत मुरलेले होते. सात्सुमाच्या अमलाखाली शस्त्रांवर निर्बंध आले हे खरं, पण ‘हातात विळ्याशिवाय काही नाही’ अशी अवस्था त्यातून सिद्ध होत नाही.

इतिहासाचा तास :
यात नेपोलियनही आहे! बेसिल हॉल नावाचा ब्रिटिश नौदल अधिकारी १८१६ मध्ये ओकिनावात जाऊन आला. परत जाताना १८१७ मध्ये सेंट हेलेनावर कैदेतल्या नेपोलियनला भेटला आणि त्या बेटावर आपल्याला शस्त्रं दिसली नाहीत असं त्यानं सांगितलं. शस्त्रं नाहीत तर लढतात कशानं, हे नेपोलियनला काही केल्या पटेना. हॉलच्या पुस्तकामुळे निःशस्त्र, शांत बेटाची कीर्ती युरोपभर पसरली. पाहुण्याला कोठार दाखवायची पद्धत कुठेच नसते, एवढं हॉलच्या लक्षात आलं नाही.

मोडीवाचक :
यात ‘कराटे’ शब्दाचाही हात आहे. आधी तो ‘कारा-ते’ चिनी हात अशा अर्थानं लिहीत. ‘कारा’ म्हणजे चीन. त्याच उच्चाराचं दुसरं अक्षर आहे, अर्थ ‘रिकामा’. ओकिनावाचे कराटेगुरू हानाशिरो चोमो यांनी १९०५ मध्ये ते रिकामं अक्षर वापरलं आणि १९३६ मध्ये नाहाला जमलेल्या गुरूंनी त्यावर शिक्का मारला. चीनशी नातं सांगणं तेव्हा जपानात अडचणीचं होतं. उच्चार तोच राहिला, अर्थ मात्र पालटला. ‘रिकामा हात’ म्हटलं की कान विचारतो, हात रिकामा का? आणि उत्तर म्हणून शस्त्रबंदीची गोष्ट तयारच असते. (आणि हो, मुळात ट नाही, त आहे. कराते. ट इंग्रजीच्या बोटीतून उतरला.)

बाकबुक :
साई म्हणजे आपलं त्रिशूळ, बौद्ध भिक्षूंनी नेलं, असं मी कुठेतरी वाचलंय. अभिमानानं सांगतोय.

मोडीवाचक :
तीन टोकं दिसली की त्रिशूळ, हे चाकूसारखंच झालं. असा गज इंडोनेशियातही आहे, तिथे त्याला ‘चाबांग’ म्हणतात, म्हणजे फांदी. भारताचा धागा हवाच असेल तर तो दुसरीकडे आहे. साईचा एक प्रकार असा की एक पंख वर आणि एक खाली. त्याला ‘मान्जी-साई’ म्हणतात. मान्जी म्हणजे आपलं स्वस्तिक, बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे जपानला गेलेलं. हा प्रकार तायरा शिनकेन (१८९७–१९७०) यांच्या नावावर आहे. ओकिनावाच्या कितीतरी शस्त्र-काता विस्मरणात जाण्याआधी गोळा करून ठेवणारे ते गृहस्थ. इथे ‘गोळा’ म्हणजे साठवलं, बरं का.

पाटा-वरवंटा :
दोन विळ्यांच्या खेळाला ‘नीचो-गामा’ का म्हणतात? आत्ता तर कामा होता.

मोडीवाचक :
समासात पुढच्या शब्दातला क मऊ होऊन ग होतो. आपल्याकडे वाक् आणि ईश मिळून वागीश होतो, दिक् आणि अंबर मिळून दिगंबर, त्याच्या शेजारचंच प्रकरण, फक्त नियम वेगळा. साखळीवाला विळा तसाच कुसारी-गामा. आणि वर ‘एकु-दि’ आलं, त्यातला दि म्हणजे ‘ते’, हात. ओकिनावाच्या बोलीत जपानी ए चा इ होतो आणि ओ चा उ, म्हणून ते चा ‘ती’ आणि समासात ‘दि’. तांदळाला जपानीत कोमे, तिकडे कुमि. खरं तर बोली म्हणणंही चूक, ती जपानीची बहीण आहे, नाव उचिनागुची. युनेस्कोनं २००९ मध्ये ती धोक्यातल्या भाषांत घातली. एके काळी शाळेत ती बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत, आणि दुसरं कुणी बोलताना सापडेपर्यंत ती उतरत नसे. या हत्यारांची नावं जपानी कोशाच्या चौकटीत बसत नाहीत त्याचं एक कारण हे आहे. ज्या भाषेत ती बसत होती, तीच पाटीखाली गेली.

अर्धा चहा :
भाच्याला सांगितलं, चाकू नाही, पेर आहे. तो म्हणाला, मग उसाचा करता येईल का? शनिवारसाठी फोमचा घेतलाय, माझ्या कोपराला स्मरून. त्यावर नाव घालायचंय. नुन्चाकु लिहू ना? आणि तो नुन्चाकु की ती?

मोडीवाचक :
नुन्चाकु लिहा. ‘तो’च म्हणा, चाकू पुल्लिंगी म्हणून आपण त्यालाही तेच लिंग दिलंय, ते आता सुटायचं नाही.

खळ्यावरची :
काठी तर ‘ती’ असते.

अर्धा चहा :
लिहून झालं हो. मार्करनं. ‘नुन्चाकु, इयत्ता पाचवी ब’. शेजारच्या काकूंनी वाचलं आणि म्हणाल्या, अरे, चाकूचा कू दीर्घ.